बीचर घराण्याचीं पत्रें व मंडळीचें जीवन

पत्र हा शब्द आपल्या मंडळ्यांत उच्चारला कीं प्रेषित पौलाचीं पत्रें प्रथम आठवतात, आणि तें योग्यच आहे. परंतु रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय जो लक्षपूर्वक वाचील त्याला दिसेल कीं, गहन सिद्धांतांनीं भरलेल्या त्या पत्राच्या शेवटीं माणसांचीं नांवें, सलाम, कोणाच्या घरीं जमणारी मंडळी, कोणाची आई अशा घरगुती गोष्टी आल्या आहेत. विश्वासाचा मोठा प्रश्न आणि घरची खुशाली हीं एकाच कागदावर लिहिलीं गेलीं. अशा पत्रव्यवहाराचें एक उदाहरण ह्या पाठासाठीं आम्हीं एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकेंतून घेतलें आहे. ज्या मंडळ्यांनीं आपल्या देशांत पहिले अमेरिकन मिशनरी पाठविले, त्यांच्याच गोतांतील एका पाळकाचें हें घर होय. त्या घरचीं पत्रें वाचतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, उपासनेच्या वेळीं जें कोणास उघड बोलवत नसे तें पत्रांत बोललें जाई, आणि त्या बोलण्यामुळें मंडळींत देवाविषयीं जी शिकवण दिली जात असे तिचाहि सूर हळूहळू पालटला.

आधीं टपालाची हकीकत सांगितली पाहिजे; ती समजल्यावांचून त्या लोकांस पत्राचें एवढें मोल कां वाटे हें कळावयाचें नाहीं. १८१६ सालच्या कायद्याप्रमाणें कागदाच्या एका तावास तीस मैलांपर्यंत ६ सेंट व चारशें मैलांपलीकडे २५ सेंट पडत. दोन ताव असले तर दुप्पट. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो, आणि दिवसभर राबणाऱ्या मजुरास त्या काळीं पुरता एक डॉलरहि क्वचितच मिळे. लिफाफा घातला तर तोहि एक ताव धरीत. म्हणून लोक पत्राचा कागदच दुमडून त्यावर लाख लावीत व पाठीवर पत्ता लिहीत. ताव भरला म्हणजे कित्येक जण तो आडवा फिरवून पहिल्या ओळींवरूनच दुसऱ्या ओळी लिहीत, आणि असें पत्र वाचणें म्हणजे डोळ्यांची परीक्षाच असे. पैसे बहुधा घेणाऱ्यानें द्यावयाचे. टपालवाला दारीं येत नसे. कचेरींत जाऊन चौकशी करावी लागे. त्या दिशेस कोणी ओळखीचा मनुष्य जात असला तर त्याच्या हातीं पत्र देऊन तेवढा खर्च वांचवीत. पुढें १८४५ सालीं दर उतरले, १८४७ सालीं सरकारी तिकिटें निघालीं, आणि १८५१ पासून आगाऊ पैसे भरलेलें अर्ध्या औंसाचें पत्र तीन सेंटांत तीन हजार मैलांपर्यंत जाऊं लागलें. वर्तमानपत्रांचा दर मात्र पहिल्यापासूनच फार थोडा होता. त्यामुळें धर्मविषयक साप्ताहिकें रानांतल्या शेतकऱ्याच्या झोंपडीपर्यंत पोहोंचत.

आतां मंडळीकडे वळूं. न्यू इंग्लंडांतील काँग्रिगेशनल मंडळ्यांत उपासनेस येणें ही एक गोष्ट, आणि मंडळीचा सभासद होणें ही दुसरी. बाळपणीं बाप्तिस्मा झालेला मुलगा दर रविवारीं आईबापांजवळ बाकावर बसे, तरी प्रभुभोजनाची वेळ आली कीं तो बाहेरचाच ठरे. आपल्या अंतःकरणांत देवानें काय केलें, पापाची जाणीव कशी झाली, शांति केव्हां मिळाली, हें त्यानें पाळकांपुढें व मंडळीपुढें सांगावें आणि त्यांची खात्री पटावी, मग त्याचें नांव दाखल होई. ज्याला असा अनुभव आला त्याला ‘आशा’ आहे असें म्हणत. म्हणून त्या काळच्या आईबापांच्या पत्रांत पिकापाण्याची, तापाची, लग्नकार्याची खबर दिल्यावर तुला आशा मिळाली काय हा प्रश्न हटकून येतो. दूर शाळेंत असलेल्या मुलास तो प्रश्न वाचून काय वाटत असेल ह्याची कल्पना आपल्यांतील पुष्कळांस करतां येईल.

आणखी एक पत्र ह्या मंडळ्यांत असे, तें शिफारसपत्र. एखादें कुटुंब गांव सोडून पश्चिमेकडील नव्या वसाहतींत निघालें म्हणजे मंडळीच्या सभेंत मत घेऊन त्यांस एक लेख देत: हीं माणसें आमच्या संगतींत सुशीलपणें वागलीं आहेत, तुम्हीं त्यांस आपल्यांत घ्यावें. तें पत्र नव्या मंडळीनें स्वीकारलें म्हणजे जुन्या वहींतून त्यांचें नांव निघे. फिबी नामक भगिनीस पौलानें जें दिलें तेंच हें. १८०१ सालीं काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्यांनीं आपसांत करार केला, त्यामुळें एका पंथाच्या मंडळीचें पत्र दुसऱ्या पंथाच्या मंडळींत सहज चाले. तथापि पुष्कळांचीं पत्रें पेटींतच राहत. नव्या गांवीं ओळख नाहीं, शेजारीं कोणी प्रार्थना करणारा नाहीं, असें होऊन वर्षें जात, आणि तो मनुष्य ना इकडचा ना तिकडचा असा राही. पश्चिमेकडील पाळकांची ही नेहमींची तक्रार असे.

परदेशांतून मिशनऱ्यांनीं पाठविलेलीं पत्रेंहि ह्याच मंडळ्यांत वाचलीं जात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं मिशनकार्यासाठीं प्रार्थनासभा भरे, आणि ‘मिशनरी हेरल्ड’ ह्या मासिकांत छापलेला मजकूर तेथें मोठ्यानें वाचीत. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले, तेव्हांपासून मराठी मुलखाची बातमी ह्या सोमवारच्या सभांतून त्या लोकांस कळूं लागली. त्यांच्याबरोबर स्वदेशांतून निघालेल्या मंडळींतील हॅरिएट न्यूएल ही तरुण स्त्री मुंबई न पाहतांच १८१२ सालीं मॉरिशस बेटावर एकोणीस वर्षांची असतां वारली. तिचीं पत्रें व रोजनिशी १८१४ सालीं छापलीं गेलीं, आणि तें पुस्तक पुढें घरोघर वाचलें गेलें. तिचे पति मात्र मुंबईस आले व १८२१ सालीं येथेंच पटकीनें निवर्तले. १८२७ सालीं मिस सिंथिया फॅरार ह्या मुलींच्या शाळांसाठीं मुंबईस आल्या आणि १८६२ सालीं अहमदनगरास त्यांचा अंत झाला. सारांश, आपल्याकडील पहिल्या शाळांच्या मागें न्यू इंग्लंडांतील खेड्यांत वाचलेलीं पत्रें होतीं.

ज्या घराविषयीं आम्हांस सांगावयाचें आहे तें रेव्हरंड लाइमन बीचर ह्यांचें. त्यांचा जन्म १७७५ सालीं झाला. १८१० पासून ते कनेक्टिकट प्रांतांतील लिचफील्ड गांवीं पाळक होते. त्यांस तेरा मुलें झालीं. त्यांपैकीं अकरा वाढलीं, आणि सातहि मुलगे पुढें पाळक झाले. वडील मुलगी कॅथरिन, तिच्या पाठीवर विल्यम, मग एडवर्ड. ‘अंकल टॉम्स केबिन’ हें पुस्तक लिहिणारी हॅरिएट ही मधली. त्यांची आई रॉक्साना १८१६ सालीं क्षयानें वारली, तेव्हां कॅथरिन सोळा वर्षांची होती. बाप कडक सिद्धांताचे, परंतु मुलांशीं खेळणारे व वाद करूं देणारे होते. हा दुसरा गुण आम्ही मुद्दाम सांगतों, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावर उभी आहे.

१८२२ सालाच्या आरंभीं कॅथरिनचें लग्न येल कॉलेजांतील गणिताचे तरुण प्रोफेसर अलेक्झांडर फिशर ह्यांच्याशीं ठरलें. लग्नाआधीं ते अभ्यासासाठीं युरोपास निघाले. त्यांचें ‘आल्बियन’ जहाज एप्रिल महिन्याच्या बाविसाव्या तारखेस आयर्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांवर आपटून फुटलें व फिशर बुडाले. ही बातमी अमेरिकेस पोहोंचण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. बीचर त्या वेळीं न्यू हेवन शहरीं गेले होते. तेथें त्यांस ती कळली, आणि त्यांनीं मे महिन्याच्या तिसाव्या तारखेस मुलीस पत्र लिहून ती कळविली. तिचें चित्त त्या खडकांवर व लाटांवर न भटकतां स्वर्गाकडे वळावें, असा त्या पत्राचा रोख आहे.

पण खरा घाव दुसराच होता. फिशर सदाचारी व बुद्धिमान. तरी त्यांनीं मंडळीपुढें साक्ष दिलेली नव्हती. त्यांस ‘आशा’ नव्हती. तेव्हां शिकवणीप्रमाणें त्यांचें काय झालें? कॅथरिन त्या हिवाळ्यांत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील फ्रँकलिन गांवीं फिशरांच्या आईबापांकडे जाऊन राहिली. तेथील वृद्ध पाळक नॅथनेल एमन्स हे सिद्धांताच्या बाबतींत अणुमात्रहि न ढळणारे. त्यांच्या उपदेशांत मृताविषयीं सांत्वन होईल असें फारसें नव्हतें. ती फिशरांच्या लहान भावंडांस शिकवी, त्यांच्या वह्यांवरून गणित शिके. त्यांच्या खासगी रोजनिश्या तिच्या हातीं आल्या. त्यांत तिला असें दिसलें कीं, ह्या मनुष्यानें कित्येक वर्षें पश्चात्तापासाठीं, नव्या जन्मासाठीं मनापासून धडपड केली होती, आणि तरीहि त्याच्या मनाला तो अनुभव आला नव्हता.

तें वाचल्यावर तिनें बापाला व एडवर्डाला जीं पत्रें लिहिलीं तीं कोणत्याहि पाळकानें वाचण्यासारखीं आहेत. जें मला करतांच येत नाहीं तें न केल्याबद्दल मी दोषी कशी? ज्यानें एवढें शोधिलें त्याला सांपडलें नाहीं, तर मागा म्हणजे मिळेल ह्याचा अर्थ काय? अशा आशयाचे प्रश्न तिनें टाकले. हें सर्व ती प्रार्थनासभेंत उभी राहून बोलली असती तर काय झालें असतें हें सांगणें नको. बापानें उत्तरें दिलीं. तीं लांब आहेत, युक्तिवादानें भरलेलीं आहेत, आणि आमच्या मतें कांहीं ठिकाणीं तीं दुःखी मुलीला न लिहितां प्रतिपक्षी पंडिताला लिहावीं अशीं झालीं आहेत. ती पापी मनाची हट्टी समजूत आहे असें ते तिला पटवूं पाहत होते. पण त्यांनीं पत्र बंद केलें नाहीं, रागानें परत धाडलें नाहीं, घरीं येऊं नको म्हटलें नाहीं. एडवर्डाला वेगळें लिहून तिच्या मनाची अवस्था कळविली व त्यानेंहि तिला लिहावें अशी व्यवस्था केली. एडवर्ड स्वतः तेव्हां विशीच्या आसपासचा. बहिणीला उत्तर देतां देतां त्याच्याहि मनांत तो प्रश्न रुतला. देवाचा न्याय व मनुष्याचें पाप ह्यांचा मेळ कसा बसतो ह्यावर १८५३ सालीं त्यानें मोठा ग्रंथ लिहिला, तो ह्याच बीजाचा वृक्ष होय असें आम्हांस वाटतें.

कॅथरिननें लग्न केलें नाहीं. १८२३ सालीं तिनें हार्टफर्ड येथें मुलींची शाळा काढली, ती पुढें देशभर प्रसिद्ध झाली. तेथेंच हॅरिएट शिकली. हॅरिएट चवदा वर्षांची असतां, १८२५ च्या उन्हाळ्यांत, प्रभु आपल्या शिष्यांस दास न म्हणतां मित्र म्हणतो ह्यावर बापानें उपदेश केला; तो ऐकून तिला शांति मिळाली व तिनें घरीं येऊन बापाला सांगितलें. त्यांनीं तिला जवळ घेतलें, प्रश्न विचारले नाहींत. पुढें हार्टफर्डच्या मंडळींत दाखल होण्याची वेळ आली तेव्हां तेथील पाळकानें मात्र तिला असे कठीण प्रश्न विचारले कीं मुलगी गोंधळून गेली. एवढ्या सोप्या रीतीनें कोकरूं कळपांत आलें कसें, अशी वडील बहिणीलाहि शंका होती! हॅरिएटचीं पुढलीं दोनचार वर्षें मनाच्या अंधारांत गेलीं, आणि त्या काळांत ती आपले विचार पत्रांनीं एडवर्डाजवळच उघड करी.

१८३२ सालीं बीचर ओहायो नदीवरील सिन्सिनाटी शहरीं लेन सेमिनरीचे अध्यक्ष म्हणून निघाले. सर्व कुटुंब घोड्यांच्या गाड्यांतून डोंगर ओलांडून गेलें. वाटेंत गीतें गात, आणि जॉर्ज भेटेल त्याला धर्मविषयक पत्रिका वाटीत होता, असें हॅरिएटनें लिहिलें आहे. सिन्सिनाटींत पटकी असल्यामुळें त्यांस वाटेंत थांबावें लागलें. त्यानंतर घर पांगलें. मेरी पूर्वेस हार्टफर्डला, एडवर्ड इलिनॉयमध्यें कॉलेजाचा अध्यक्ष, विल्यम व जॉर्ज ओहायोंतील निरनिराळ्या गांवीं पाळक. प्रत्येकानें प्रत्येकाला लिहावयाचें तर टपालाच्या त्या दरानें दिवाळें निघालें असतें. म्हणून त्यांनीं फिरतें पत्र सुरू केलें. एका टोंकाच्या भावानें मोठ्या तावावर थोडें लिहून पुढच्यास पाठवावें, त्यानें त्याखालीं आपली भर घालावी, असें करीत तें शेवटच्या घरापर्यंत जाई. त्यांत मंडळींतील भांडणें, पगार थकल्याची रड, मुलांचे दांत, थट्टा, आणि ह्या जन्मीं पूर्ण पवित्रता शक्य आहे काय असला प्रश्न, सर्व एकाखालीं एक. १८४३ सालीं जॉर्ज बागेंत बंदूक उडून मरण पावला. त्यानंतरच्या पत्रांत त्याच्या अक्षराची जागा रिकामी राहिली.

हीं अकरा भावंडें एका छपराखालीं प्रथम जमलीं तीं १८३५ सालीं. बापावर प्रेसबिटेरियन मंडळीनें चुकीच्या शिकवणीचा आरोप ठेवून चौकशी केली व त्यांस निर्दोष ठरविलें, त्याच वर्षीं. मेरीनें सर्वांत धाकटा जेम्स तोंवर पाहिलाच नव्हता, थॉमसला एकदांच. रविवारीं बापाच्या व्यासपीठावरून सकाळीं एडवर्ड, दुपारीं विल्यम व संध्याकाळीं जॉर्ज ह्यांनीं उपदेश केला. एकमेकांचीं तोंडें न पाहिलेलीं हीं माणसें पत्रांनीं एका घरचीं राहिलीं होतीं.

हॅरिएटचें लग्न १८३६ सालीं त्याच सेमिनरींतील प्रोफेसर कॅल्व्हिन स्टो ह्यांच्याशीं झालें. १८४९ च्या उन्हाळ्यांत सिन्सिनाटींत पुन्हां पटकी आली, तेव्हां नवरा प्रकृतीसाठीं दूर व्हर्मांट प्रांतांत होता. शहरांतून मढ्यांच्या गाड्या जात असल्याची हकीकत, मग घरांतील कुत्रा मेल्याची, मग दीड वर्षाचें मूल चार्ली आजारी पडल्याची, आणि जुलैच्या अखेरीस तें गेल्याची, अशीं तिचीं पत्रें ओळीनें आहेत. पुढें तिनें एका बाईस लिहिलें कीं, गुलाम आईपासून तिचें मूल ओढून नेतात तेव्हां तिला काय होत असेल हें आपण त्या मुलाच्या मरणशय्येजवळ शिकलों.

आणि येथें ज्यांस पत्रच नव्हतें त्यांचें स्मरण केलें पाहिजे. दक्षिणेंतील कित्येक संस्थानांत गुलामांस वाचावयास शिकविणें कायद्यानें बंद होतें. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या संस्थानांत विकलेली; खुशालीची एक ओळ पाठविण्याचा मार्ग नाहीं. त्यांस विकणारे कित्येक मालक त्याच प्रभुभोजनास बसणारे सभासद होते. १८५० सालीं पळालेल्या गुलामांस धरून देण्याचा कायदा कडक झाला, तेव्हां एडवर्डाच्या पत्नीनें बोस्टनहून हॅरिएटला लिहिलें: तुझ्या लेखणींत सामर्थ्य आहे, ह्या अन्यायाविषयीं लिही. हॅरिएट त्या वेळीं मेन प्रांतांतील ब्रन्सविक येथें होती. तिनें तें पत्र मुलांपुढें वाचून दाखविलें व लिहीनच असें म्हणून मुठींत चुरगळलें. काहीं महिन्यांनीं तेथील मंडळींत प्रभुभोजनास बसली असतां वृद्ध गुलाम फटक्यांखालीं मरत आहे असें चित्र तिच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें, असें ती सांगत असे. ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५१ च्या जूनपासून एका साप्ताहिकांत क्रमशः आलें व १८५२ च्या मार्चांत पुस्तकरूपानें निघालें. पहिल्या वर्षांत अमेरिकेंतच तीन लाख प्रती खपल्या. गुलामगिरी मोडण्याच्या त्या कार्याची कीर्ति पुण्यापर्यंत आली होती: जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक त्या कार्यासाठीं झटणाऱ्या अमेरिकन सज्जनांस अर्पण केलें.

पांच वर्षांनीं जुना प्रश्न परत आला. १८५७ च्या जुलैंत हॅरिएटचा एकोणीस वर्षांचा मुलगा हेन्री कॉलेजांत असतां कनेक्टिकट नदींत पोहतांना बुडाला. त्यालाहि ‘आशा’ मिळाल्याचें कोणास निश्चित सांगतां येत नव्हतें. पस्तीस वर्षांपूर्वीं कॅथरिननें जें बापाला विचारलें तेंच आतां हॅरिएटच्या पुढें उभें राहिलें, आणि तिनें कॅथरिनलाच लिहिलें. आपला मुलगा टाकून दिला गेला असें जें मनांत कुजबुजतें तें देवाकडचें नसून शत्रूचें आहे, ज्या प्रभूनें आईच्या हृदयांत एवढी माया घातली तो मायेनें तिच्याहून उणा नाहीं, असा निर्णय तिनें ह्या वेळीं केला. बापाच्या युक्तिवादाची ह्या खेपेस तिला गरज लागली नाहीं. १८५९ सालीं ‘द मिनिस्टर्स वूइंग’ ही तिची कादंबरी निघाली. तींत मुलगा समुद्रांत बुडाल्याची बातमी येते, आई सिद्धांताच्या विचारानें वेडीपिशी होते, पाळकापाशीं उत्तर नसतें. आणि घरची निग्रो चाकरीण कँडेस त्या आईला लेकरासारखें मांडीवर घेऊन येशूच्या प्रीतीविषयीं बोलते. कॅथरिननें ज्या पत्रांत हा प्रश्न प्रथम लिहिला त्यांवर लाखेची मोहोर होती. आतां तो हजारों वाचकांच्या हातीं गेला.

बीचर उतारवयांत आपल्या आठवणी मुलांस सांगत. प्रश्न हॅरिएटनें विचारावे, चार्ल्सनें कागद जुळवावे असें चाले. स्मरण हळूहळू क्षीण झालें, तेव्हां जुनीं पत्रेंच उपयोगीं पडलीं. १८६३ च्या जानेवारींत ते वारले. पुढील वर्षीं त्यांचें आत्मवृत्त व पत्रव्यवहार छापून येऊं लागला. त्यांत मुलांनीं कॅथरिनचीं तीं १८२२ व १८२३ सालचीं पत्रें बापाच्या उत्तरांसह घातलीं आहेत, आणि कोणत्याहि बाजूवर काट मारलेली नाहीं.